रिळांची पेटी

दिवाळी तोंडावर आली, की आमच्या घरी आकाशकंदिलाच्या कागदावरून एक लहानसे भांडण ठरलेले असते. मला तांबडा हवा असतो, धाकटीला पोपटी, आणि यजमानांना जो स्वस्तात मिळेल तो. आमचे चिरंजीव या भांडणात कधी पडत नसत. काड्या तासायच्या, सांगाडा बांधायचा, खळ शिजवायची, ही कामे त्याची. ‘रंगाचं काय ते तुम्ही बघा,’ म्हणून तो मोकळा होई. मुलगा शांत आहे, त्याला वाद आवडत नाही, असे मी चारचौघींत कौतुकाने सांगत असे.

मी शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे रंग हा माझा पोटापाण्याचा धंदा. असे असून माझा मुलगा वीस वर्षे माझ्या डोळ्यांपुढे वाढला आणि त्याचे रंग निराळे आहेत, हे मला कळले नाही. ही गोष्ट छापून सांगताना थोडा संकोच होतो. पण सणासुदीच्या अंकात दुसऱ्याच्या चुका सांगण्यापेक्षा स्वतःच्या सांगाव्या, हे बरे.

आमचे घर मिरजेत, स्टेशनापासून दूर नाही. चिरंजीव लहान असताना संध्याकाळी त्याला गाड्या दाखवायला न्यावे लागे. इंजिनाच्या खिडकीतल्या माणसाने हात केला, की त्या दिवशी त्याला जेवणही गोड लागे. मोठा झाल्यावर त्याने आय.टी.आय.मध्ये फिटरचा अभ्यास केला, मग रेल्वेच्या परीक्षांना बसला. इंजिनावरचा साहाय्यक चालक व्हायचे, एवढे एकच त्याचे मागणे. दोन वर्षे पहाटे उठून त्याने अभ्यास केला, एकेक पायरी चढत गेला आणि गेल्या वर्षी वैशाखात वैद्यकीय तपासणीपर्यंत पोचला. तपासणीच्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती. दुपारी त्याचा फोन आला.

“आई, डोळ्यांत नापास झालो.”

“नंबर निघाला का? चष्मा करू की.”

“चष्म्याचं नाही गं. रंगांचं आहे.”

मला हसूच आले. चित्रकलेच्या बाईचा मुलगा रंगांत नापास! काहीतरी घोटाळा असेल, दुसऱ्या कुणाचा कागद त्याच्या नावावर गेला असेल, अशी मी त्याची आणि स्वतःची समजूत घातली. इंजिनावर चढणाऱ्या माणसाला रेल्वेच्या सर्वांत कडक श्रेणीत, ए-वन श्रेणीत, उतरावे लागते. तिथे तांबडा दिवा नि हिरवा दिवा यांत अदमास चालत नाही, आणि चालूही नये. हा नियम आजचा नाही. १८७५ साली स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे दोन आगगाड्या समोरासमोर आदळल्या. उप्सालाचे प्राध्यापक होल्मग्रेन यांना संशय आला, की कुणातरी रेल्वेच्या माणसाला दिव्याचा रंगच ओळखता आला नसावा. त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी गोळा केल्या आणि रेल्वेच्या नोकरांना त्या जुळवायला लावल्या. ज्याला जुळवता येईनात, तो बाजूला. त्या अपघाताला रंगांधळेपणाच कारण होता का, याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. पण परीक्षा मात्र जगभर रूढ झाली ती झालीच.

आठ दिवसांनी मी त्याला गावातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक जाडसर पुस्तक काढले. शिनोबू इशिहारा नावाच्या जपानी लष्करी डॉक्टरांनी १९१७ साली ते प्रसिद्ध केले. पानोपानी रंगीत ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्या ठिपक्यांत लपलेला एक आकडा. पहिले पान सगळ्यांना वाचता येते. तिथे १२ आहे. आम्ही दोघांनीही १२ म्हटले. दुसऱ्या पानावर मला स्वच्छ ८ दिसला; चिरंजीव म्हणाला, “३.” पुढे मला २९ दिसले तिथे तो म्हणाला, “७०.” माझ्या पोटात गोळा आला. मग डॉक्टरांनी मधली काही पाने उलटली आणि एक पान माझ्यापुढे धरले.

“बाई, काय दिसतं?”

मी चष्मा पुसून पाहिले. नुसते ठिपके. आकडा नाही, काही नाही.

“तू सांग,” ते चिरंजीवांना म्हणाले.

“४५,” तो ताडकन म्हणाला.

मी पुस्तक हातात घेऊन उजेडाकडे नेले, तिरपे धरले. मला तो आकडा शेवटपर्यंत दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, “तुम्हांला तांबड्या-हिरव्यातला फरक इतका ठळक दिसतो, की त्या गलबल्यात हा आकडा बुडून जातो. याला तो गलबला नाही, म्हणून आकडा उरतो.” त्या खोलीत चिरंजीव तेवढा एकदाच हसला. एकदा तरी आईला दिसेना ते त्याला दिसले होते.

घरी आल्यावर मला एकेक गोष्ट आठवू लागली. तो चौथीत असताना त्याने समुद्र रंगवला होता, तो चक्क जांभळा. मी ते चित्र शाळेत नेऊन सगळ्यांना दाखवले होते. ‘बघा, मुलांची कल्पना कशी मोकळी असते!’ यावर एक छोटेसे व्याख्यानही ठोकले होते. बिचाऱ्याने निळा समजून जांभळा उचलला होता. पुढे तो रंगकांडीवरच्या कागदावर छापलेले नाव वाचून रंग घेऊ लागला आणि समुद्र निळे झाले. तेव्हा मला वाटले, शाळेने मुलाची कल्पकता मारली. कादंबरी लिहिणाऱ्या बाईला माणसाच्या मनातले फार कळते असा लोकांचा समज असतो. तो किती खरा आहे ते यावरून दिसेल.

सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी विषय काढला. त्या मनाने वाईट नाहीत. पण नातवाची सरकारी नोकरी हुकली होती आणि त्या दुःखाला कुठेतरी टेकायला जागा हवी होती. “आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं बाई,” एवढेच त्या म्हणाल्या. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी डॉक्टरांना जाऊन विचारले, की हे येते कुठून? त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर एक झाड काढले. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री. मुलाचा चौकोन त्यांनी काळा केला, माझ्या वर्तुळात मधोमध ठिपका दिला आणि यजमानांचा चौकोन कोरा ठेवला. “हा वारसा मुलाला बापाकडून येतच नाही. आईकडून येतो,” ते म्हणाले. मग माझ्या वरच्या चौकोनावर पेन्सिल टेकवून त्यांनी विचारले, “तुमचे वडील?”

सासूबाईंचे म्हणणे शब्दशः खरे होते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, शिंपी होते. कृष्णाकाठच्या एका बाजाराच्या गावी त्यांचे दुकान होते. दुकान म्हणजे एक ओटा, एक पायमशीन, इस्त्री, आणि भिंतीला लावलेली रिळांची लाकडी पेटी. गावात त्यांच्या हाताला नाव होते. ते बोलकेही फार. बाई कापड घेऊन आली, की ते कापड हातावर पसरत, बोटांनी चाचपत आणि हसून विचारत, “काय वहिनी, या रंगाला तुमच्यात काय म्हणतात?” कुणी म्हणे मोरपंखी, कुणी म्हणे शेवाळी, कुणी म्हणे अंजिरी. गावाला वाटे, अण्णा गप्पिष्ट आहेत. मलाही वाटे. तो प्रश्न ते गप्पांसाठी विचारत नव्हते, हे मला डॉक्टरांच्या त्या पेन्सिलीकडे बघताना पहिल्यांदा सुचले, आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

आई होती तोवर ती दुकानात त्यांच्या शेजारी बसून काज-बटणे करी आणि रिळे काढून देई. १९८९ च्या श्रावणात ती गेली. मी आठ वर्षांची होते, भाऊ दोनच वर्षांचा. त्या वर्षीच्या दिवाळीला अण्णांनी गिऱ्हाइकांची कामे संपवून, मध्यरात्री दिव्याखाली बसून माझे पोलके शिवले. गर्द हिरव्या खणाचे. त्याला हिरवाच गोट लावायचा होता. त्यासाठी आईने कापड आणून ठेवलेले होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाऊन मी पोलके हातात घेतले, तर त्याला गोट होता तपकिरी, शेणामातीच्या रंगाचा. शेजारच्या मुली हसल्या. मी पोलके जमिनीवर फेकले आणि रडत म्हटले, “आई असती तर असं झालं नसतं!” अण्णांनी पोलके उचलले, उंबऱ्याशी उजेडात धरून बराच वेळ बघितले. काही बोलले नाहीत. मी त्या दिवाळीत जुना फ्रॉक घालून हिंडले.

भाऊबीज झाल्यावर त्यांनी मला दुकानात आपल्या शेजारी, आईच्या जागी बसवले. “ताई, या कापडाला रीळ दे बघू.” तेव्हापासून शाळा सुटली की मी दुकानात. राखी आणि फिका गुलाबी, पोपटी आणि पिवळा, तपकिरी आणि मेंदी, यांतली नेमकी छटा डोळ्याला लागते कशी, ते मी तिथे शिकले. आज मी मुलांना जे शिकवते, त्याची शाळा तीच.

१९९७ साली मी मॅट्रिक झाले. म्हणजे दहावीच, पण आमच्या गावात म्हातारी माणसे अजून मॅट्रिकच म्हणत. गुण चांगले होते. मला कॉलेजात जायचे होते. अण्णा म्हणाले, “दुकानात कोण बसणार, ताई?” एवढेच. भावाला मात्र त्यांनी पुढे इंजिनिअर केले. ही गोष्ट माझ्या मनात खिळ्यासारखी रुतून बसली. लग्नानंतर मी दहावीच्या जोरावर चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम केला, नोकरी धरली, लिहू लागले. पण खिळा होता तिथेच होता. २०११ साली माझी पहिली कादंबरी निघाली. तिच्यात एक बाप आहे. तो मुलीला शिकू देत नाही, आणि मुलगी त्याला शेवटच्या प्रकरणात चांगले सुनावते. वाचकांची पत्रे आली ती त्याच प्रकरणावर. अण्णांनी ती कादंबरी चार दिवस खपून वाचली आणि मला म्हणाले, “शिवण चांगली बसलीय.” त्यांच्या तोंडी ही सर्वांत मोठी शाबासकी. मला ती टोचली. कारण मला भांडण हवे होते. माझ्या लग्नानंतर त्यांनी बायकांचे कपडे शिवणे बंद करून फक्त पांढरे सदरे आणि लेंगे शिवायला घेतले होते, त्याचे कारण वय असे मी समजले होते. २०१६ साली ते गेले.

डॉक्टरांच्या झाडाने मला झोप येऊ दिली नाही. आमच्या शाळेत विज्ञानाचे एक सर आहेत, मधल्या सुट्टीत डबा खाताखाता ते मला धडे देऊ लागले. मी मॅट्रिकची बाई. दहादा विचारावे लागे. त्यांनी कंटाळा केला नाही.

मला कळले ते असे. डोळ्याच्या मागल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूसारख्या पेशी असतात, तीन तऱ्हांच्या. प्रत्येक तऱ्हेत प्रकाश टिपणारे एक प्रथिन असते. एक ४२० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळ्या-जांभळ्या बाजूच्या लहरींना सर्वांत चांगला ओ देते, दुसरे ५३० च्या, तिसरे ५६० च्या. मधले ते आपल्या सोयीसाठी ‘हिरवे’, शेवटचे ‘तांबडे’. प्रत्येक प्रथिन कसे घडवायचे, याचा कित्ता एकेका जनुकात लिहिलेला असतो. हिरव्याच्या जनुकाला शास्त्रज्ञ ‘ओपीएन१एमडब्ल्यू’ म्हणतात. नाव एखाद्या मोटारीच्या पाटीसारखे आहे, पण त्याने माझ्या घरातल्या तीन पिढ्या हलवल्या, म्हणून मी ते पाठ केले.

हे जनुक एक्स गुणसूत्राच्या अगदी टोकाशी असते, तांबड्याच्या जनुकाला लागून. १९८६ साली अमेरिकेत जेरेमी नेथन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जनुके वेगळी काढून वाचली. तांबड्याचे आणि हिरव्याचे प्रथिन प्रत्येकी ३६४ मण्यांची माळ. आणि दोन्ही माळांत फरक म्हणाल तर जेमतेम १५ मण्यांचा. शेकडा ९६ भाग सारखाच! मूळ एकच जनुक होते, आणि तीन ते चार कोटी वर्षांपूर्वी आपल्या वानर पूर्वजांत त्याची दुसरी प्रत निघाली. पानांच्या गर्दीतले पिकलेले फळ ओळखायला तिचा उपयोग झाला असावा, असा एक तर्क आहे.

आता हे सारखेपणच नडते. आईच्या देहात बीज तयार होताना तिची दोन एक्स गुणसूत्रे शेजारी येऊन तुकड्यांची देवघेव करतात. मला हे कळेना, तेव्हा मी सरांना म्हटले, “थांबा, हे मला शिंपीकामात सांगू द्या.” चौकटीच्या कापडाचे दोन तुकडे जोडताना चौकटीला चौकट जुळवावी लागते. चौकटी सगळ्या सारख्या, म्हणून एखाद्या वेळी हात एक चौकट पुढे सरकतो. टीप तर सरळ पडते. पण एका बाजूला एक चौकट जास्त होते आणि दुसऱ्या बाजूला कमी. तसेच इथे. एका गुणसूत्रात हिरव्याचे जनुक दोनदा येते, दुसऱ्यातून ते गळते. सर म्हणाले, “बाई, हे मी पुढच्या वर्षी वर्गात सांगणार.”

बाईजवळ दोन एक्स असतात. एकात उणे असले तरी दुसरे भागवून नेते. पुरुषाजवळ एकच, त्यात उणे ते उणे. म्हणून युरोपीय वंशाच्या लोकांत पुरुष शेकडा ८ आणि बाया दोनशेत एखादी, असे प्रमाण सापडते. आजोबाकडून लेकीच्या आड लपून नातवाकडे, हा या वारशाचा रस्ता होर्नर नावाच्या स्विस नेत्रवैद्याने १८७६ सालीच मांडला होता. बापाचा एक्स मुलाला जात नाही, लेकीला मात्र हटकून जातो. अण्णांचा तो एक्स माझ्याकडे आलाच पाहिजे होता. माझ्या भावाकडे यायला वाटच नव्हती. त्याला आईचा मिळाला, त्याचे डोळे निर्दोष आहेत. माझ्या मुलाला दोहोंपैकी कोणता द्यायचा, हे नाणेफेकीसारखे होते. धाकटीचे नाणे कोणत्या बाजूला पडले आहे, ते माहीत नाही. सरांनी सांगितलेल्या या गणितात मी तिथे थबकते. उद्या तिचे लग्न ठरताना हे सांगायचे, की नाही? यजमान म्हणतात, सांगायचे. मीही सांगायचेच म्हणते, पण जरा सावकाश म्हणते.

सरांनीच मला डाल्टनची गोष्ट दिली. अणुसिद्धांताचा डाल्टन मी शाळेत घोकला होता. तो रंगांधळा होता हे कुणी सांगितले नव्हते. विणकराचा मुलगा, आणि बाराव्या वर्षापासून मास्तर! विणकर आणि मास्तर ऐकल्यावर मला तो आमच्याच आळीतला वाटू लागला. जिरेनियमचे एक फूल त्याला दिवसा निळसर दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडे. इतरांना तसे काही दिसेना. दिसले ते फक्त त्याच्या भावाला. लाखेची तांबडी कांडी आणि झाडाचे हिरवे पान त्याला एका रंगाचे वाटत. १७९४ साली त्याने मँचेस्टरच्या विद्वत्सभेत आपल्या डोळ्यांवरच निबंध वाचला. त्याची कल्पना अशी, की आपल्या बुबुळामागचा रस निळसर असला पाहिजे. आपण मेल्यावर डोळे उघडून बघा, असे त्याने सांगून ठेवले. १८४४ साली तो वारला. डॉक्टरांनी पाहिले, तर रस पाण्यासारखा निर्मळ. डाल्टन चुकला होता. पण ते डोळे जपून ठेवले गेले. दीडशे वर्षांनी त्यांतल्या कपट्यातून शास्त्रज्ञांनी त्याची जनुके वाचली आणि १९९५ साली प्रसिद्ध केले, की डाल्टनजवळ हिरव्याचे जनुक नव्हते. डॉक्टरांनी माझ्या मुलाबद्दल जे अनुमान केले, तेच.

ज्या माणसाने आपली उणीव भर सभेत उभे राहून वाचून दाखवली, त्याचे मला फार वाटते. आमच्या अण्णांना तशी सभा नव्हती. रंगांधळा शिंपी म्हटल्यावर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ओट्यावर गेले असते, आणि आम्ही दोन पोरे काय खाल्ली असती?

इलाज आहे का, हे यजमानांनी खूप शोधले. बाजारात महागडे चष्मे मिळतात. त्यांनी काही छटांतला फरक ठळक होतो, पण नसलेले प्रथिन येत नाही. २००९ साली अमेरिकेत सिअॅटलच्या शास्त्रज्ञांनी दोन रंगांधळ्या माकडांच्या डोळ्यांत माणसाचे जनुक घातले आणि काही महिन्यांनी ती माकडे तांबडे-हिरवे ठिपके वेगळे ओळखू लागली. एका माकडाचे नाव त्यांनी डाल्टन ठेवले होते, दुसऱ्याचे सॅम. माणसांना मात्र हा इलाज अजून मिळत नाही. मोटारीचा परवाना सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना मिळावा, असा बदल आपल्या सरकारने २०२० साली केला. चिरंजीवांना हे सांगितले, तर तो म्हणाला, “मोटार काय, कुणीही चालवतं.”

एक गोष्ट वाचून मात्र मी खुळी झाले होते. इंग्लंडमध्ये अशा मुलांच्या आयांची परीक्षा घेतली, त्यांतल्या काही बायांच्या डोळ्यांत चौथ्या तऱ्हेच्या शंकूपेशी असू शकतात असा तर्क होता. आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधात २४ जणींमधून एक बाई खरोखरच तशी निघाली, जिला इतरांना एकसारख्या दिसणाऱ्या रंगांत भेद दिसे. मला वाटले, ती मीच! माझा छटा ओळखण्याचा डोळा अण्णांच्या उणिवेतूनच आला! सरांनी माझा पतंग कापला. ते त्या बायांना लागू, ज्यांच्या मुलांत जनुक बदललेले असते. ज्यांच्यात ते गळालेलेच असते, त्यांच्या आयांना चौथे काही मिळत नाही. माझा डोळा नुसत्या सवयीचा.

पण दुसरे एक आहे, आणि ते मला लागू आहे. मेरी लायन नावाच्या इंग्रज विदुषीने १९६१ साली मांडले, की बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच जागा असतो, दुसरा झोपवलेला. कुठे बापाचा जागा, तर कुठे आईचा. म्हणजे माझ्या डोळ्याच्या पडद्यावर काही ठिपके आईचे आहेत आणि काही अण्णांचे. इशिहाराच्या पानासारखेच. अण्णांच्या ठिपक्यांना हिरवे टिपता येत नाही. तरीही आईचे ठिपके शेजारी बसून काम भागवून नेतात. ओट्यावर बसत तसे.

हे वाचल्यावर मी खूप रडले आणि अण्णांना सगळे माफ केले, असे लिहायला मला आवडले असते. कादंबरीत मी तसेच केले असते. पण हिशेब तेवढ्याने मिटत नाही. दुकानात डोळे हवे होते, हे खरे. मात्र १९९७ साली भाऊ दहा वर्षांचा होता, आणि मी रिळे काढायला बसले तेव्हा आठ वर्षांची होते. त्याचे डोळे माझ्याइतकेच चांगले होते. त्याला का नाही बसवले? याचे उत्तर एक्स गुणसूत्राच्या कोणत्याही टोकाशी नाही. ते आमच्या गावात होते, घरात होते, अण्णांच्या मनातही होते. जनुकाने अण्णांना अर्धेच सोडवले. उरलेल्या अर्ध्याबद्दल मी त्यांच्याशी अजून मनातल्या मनात भांडते. फक्त आता त्यांनी तपकिरी गोटाचे पोलके उजेडात धरले आहे, असे मला भांडताना दिसते. ते दिसले की माझा आवाज खाली येतो. त्या बापाचे शेवटचे प्रकरण मी पुन्हा लिहावे का, असे मनात येऊन गेले. पुस्तक छापून झाले आहे. राहू दे.

गेल्या पावसाळ्यात मी माळ्यावरून रिळांची पेटी खाली काढली. दुकान मोडले तेव्हा आईची आठवण म्हणून मी ती आणली होती. तिला लहान लहान खण आहेत, आणि प्रत्येक खणाच्या कडेला आईच्या हातची अक्षरे, शाईने लिहिलेली: ‘ता’, ‘हि’, ‘त’, ‘मो’, ‘गु’, ‘जां’. आई टापटिपीची होती, म्हणून अक्षरे लिहिली, असे मी जन्मभर समजत आले. रिळांच्या खणांना अक्षरे होती, पण गोटाच्या कापडांचे गाठोडे तसेच होते. त्यांवर अक्षरे लिहायला तिला वेळ मिळाला नसेल, किंवा गरजच वाटली नसेल; ती होती ना.

चिरंजीव कारखान्यात फिटर म्हणून लागला होता. त्याने पेटी पुढे ओढली, एकेका अक्षरावरून बोट फिरवले.

“हे आजीनं आजोबांसाठी लिहिलं?”

“हो.”

“म्हणजे त्यांचं तिला माहीत होतं.”

“माहीत असल्याशिवाय कोण लिहील?”

“मग तू मला का नाही लिहून दिलंस?” असे तो विचारील म्हणून मी श्वास धरून बसले होते. त्याने विचारले नाही. “ही पेटी मी घेऊ?” म्हणाला. आता तिच्यात ड्रिलची पाती असतात, मापाप्रमाणे लावलेली. आईची अक्षरे त्याने पुसली नाहीत. त्यांच्याखाली आकडे लिहिले आहेत.

गाड्या बघायला तो हल्ली स्टेशनावर जात नाही. एकदा मी सहज म्हटले, चल जाऊन येऊ, तर म्हणाला, “पुढं बघू.”

गेल्या दिवाळीला मात्र कंदिलाचा कागद मी आणतो म्हणाला. आम्ही तिघेही गप्प बसलो. तासाभराने तो गुंडाळी घेऊन आला. कागद उलगडला, तर झगझगीत गुलाबी-जांभळा.

“हा कुठला रंग घेतलास रे दादा?” धाकटीने विचारले.

“राणी,” तो म्हणाला. “दुकानदाराला विचारलं, या रंगाला तुमच्यात काय म्हणतात? तर तो म्हणाला, राणी रंग. आणि मग अर्धा तास बोलतच बसला.”

अण्णांचे ते वाक्य मी त्याला सांगितले होते की नव्हते, ते मला आठवेना. चुलीवर खळ रटरटत होती, ती मी उतरवली. कंदील त्या वर्षी राणी रंगाचा झाला आणि तुळशीच्या लग्नापर्यंत टांगलेला होता.